मारुतीच्या गळ्यातली रुई

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचे अध्यक्ष बाबुराव. त्यांना मागच्या भिंतीलगत फुलपाखरांची बाग करायची होती. म्हणून त्यांनी आधी तिथली रुई तोडून टाकली. फुलपाखरं जिच्यावर अंडी घालतात, तीच.

गुरुवारी मी बँकेतून आले तेव्हा माळी गेनबा मुळं उपटत होता. वैशाखात सगळं करपलेलं असताना फुलणारी ती जांभळी फुलं मातीत पडली होती आणि भुंगे अजून त्यांच्यावर घिरट्या घालत होते. पानांवर पट्टेरी अळ्या होत्या. पाच सापडल्या. त्या आणि मूठभर पानं बरणीत घातली.

"सायेब म्हनले, रानटी हाय, काढ," गेनबा ओशाळून म्हणाला. त्याच्यावर काय चिडणार?

बाबुराव जिन्यात भेटले. "अहो सत्यशीलाताई, किडे कसले पाळताय? तिथे मस्त प्लास्टिकची हिरवळ येतेय. पाणी नको, काही नको. भिंतीवर पत्र्याची फुलपाखरं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या अळ्या रुईशिवाय कशाला तोंड लावत नाहीत, हे मी ओरडून सांगितलं. ते हसले.

शुक्रवारी रात्री पानं संपली. पहाटे मी गल्ल्या पालथ्या घातल्या, पण जिथे तिथे फरशी. परत आले तर एक अळी मेलेली. मग आठवलं, आज शनिवार. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात.

देवळाबाहेरच्या फुलवाल्याकडे माळा संपल्या होत्या. शेवटची बाबुरावांच्या हातात होती.

"द्या ती इकडे."

"अहो, देवाची आहे!"

"झाडही देवाचंच होतं. तोडताना कुठे आठवला देव? चार जीव उपाशी आहेत घरात."

रांग वळून बघू लागली. बाबुराव लाल झाले. "मग मी मारुतीला काय घालू?"

"तुमची प्लास्टिकची हिरवळ घाला. पाणी नको, काही नको."

त्यांनी माळ माझ्या हातात जवळजवळ फेकलीच.

घरी येऊन पानं बरणीत घातली. चारही अळ्या पानांवर चढल्या आणि कडेने कुरतडू लागल्या. तरी माझा राग शमेना. पाचवी तळाशी तशीच पडली होती.

सोसायटीच्या सभेत बाबुरावांनी विचारलं होतं, "मागची बाजू सुशोभित करायला कोणाची हरकत?" बटाटेवडे गार होत होते. त्यांनी फिरवलेला योजनेचा कागद कोणीच वाचला नाही. मंजुरीसाठी सगळ्यांनी हात वर केले, त्यात माझाही होता.