शी! काय काय ओतलंत माझ्या मुळांशी!

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची तर आधी नाकाला रुमाल लावा. मी एक जिरेनियम आहे. समुद्रकाठच्या महदिया गावात, एका गच्चीवर, ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यात माझं आयुष्य गेलं. लाल फुलांमुळे लोक मला नाजूक समजतात. पण मी काय काय पचवलंय ते ऐकलंत, तर आज तुम्हाला जेवण जायचं नाही.

माझा जन्म एका भांडणातून झाला. घरच्या मालकिणीनं, बेयानं, लग्नात माहेराहून आईचं जिरेनियम आणलं होतं. पुढे आई गेली, झाड राहिलं. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे घरांना चुना लावतात. तसा तिच्या नवऱ्यानं, मोख्तारनं, गच्चीला चुना लावला, बादली विसळली आणि ते पाणी खुशाल झाडाच्या बुंध्यात ओतलं. झाड जळून गेलं. एकच हिरवी फांदी वाचली, ती मी. बेयानं मला नव्या डब्यात खोचलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "ही फुलेल त्या दिवशी तुझ्याशी बोलेन. तोवर एक शब्द नाही!" आणि तरातरा निघून गेली.

झालं! अजून मला मूळसुद्धा फुटलं नव्हतं आणि माझ्या डोक्यावर यांचा अख्खा संसार येऊन बसला.

मोख्तार जन्माचा कोळी. मासळीनं बरं होत नाही असं जगात काही नाही, हा त्याचा पक्का समज. मला लवकर फुलवायला त्यानं काय आणावं? सार्डिनची आतडी! बेया दुपारी लवंडली की हा चोरपावलांनी वर यायचा, बोटानं माती उकरायचा आणि तो लिबलिबीत गोळा माझ्या मुळांशी कोंबायचा. वरून ऑक्टोपस धुतलेलं पाणी. "खा गं माझी बाय, खा," असं वर लाडानं म्हणायचा. मला ओकता येत असतं तर त्याच्या पायावरच ओकले असते.

बेयाही काही कमी नव्हती. बोलण्यासाठी तिची जीभ नुसती वळवळत होती, पण ते नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. तो नाक्यावर कॉफी प्यायला गेला की ती गुपचूप यायची. कॉफीचा चोथा, अंड्यांची टरफलं, उरलेलं ताक, सगळं माझ्या डब्यात. चोथ्यावर पांढरी बुरशी चढली, ताक आंबलं आणि खाली आतडी सडली. चिलटं घोंगावू लागली. एक दिवस माझ्या देठावर अळी चढली, बुळबुळीत, फुगलेली. आजही आठवलं की अंगावर शहारा येतो.

माझी नुसती पानंच पानं झाली, एकेक भाकरीएवढं. शेजारची मोंजिया भिंतीवरून वाकून म्हणाली, "बेयामावशी, हे जिरेनियम आहे की कोबी?" कळी मात्र एक नाही. अजीर्ण झालेल्याला नाचायला सांगितलं, तर तो नाचेल का?

वरून मला खालचं अंगण दिसायचं. दोघं एकाच परातीतलं कुसकुस आपापल्या बाजूनं खायची. पाणी हवं असलं की मोख्तार खाकरायचा, बेया तांब्या सरकवायची. दिवसेंदिवस तो वाळत चालला होता. मला त्याची कीव यायची. पण पुन्हा तो वाडगं घेऊन वर आला की किळस यायची, ती वेगळीच!

मग एकदा वाळवंटाकडून गरम वारा सुटला आणि माझा डबा आतून शिजायला लागला. मोंजियानं नाक धरून बोंब ठोकली, "मावशी, तुमच्या गच्चीवर कोण मेलंय?" बेया ताकाचं भांडं घेऊन वरच येत होती. बघते तर मोख्तार वाकलेला, हातात आतड्यांचं वाडगं.

"शी! शी शी शी! अरे माणसा, हे काय कोंबतोयस तिच्यात?"

"खत आहे."

"खत? मढं आहे ते!"

"आणि तुझ्या हातात काय? अत्तर?"

बेयानं भांडं पाठीमागे लपवलं. मग आपण काय करून बसलो ते तिच्या लक्षात आलं. मोख्तार हळूच म्हणाला, "बोललीस तू."

"तुझ्याशी नाही बोलले. या घाणीशी बोलले."

"बरं. मग मीपण घाणीलाच सांगतो. चुकलं माझं. त्याच दिवशी म्हणणार होतो, पण तू थांबलीसच नाहीस. म्हणून हिला भरवत बसलो."

बेयानं नाकाला ओढणी बांधली आणि मला डब्यातून उपसलं. माझी अर्धी मुळं काळी होऊन तिच्या हातातच आली. "आई हिला काय घालायची रे?" तिनं विचारलं.

"तुझी आई? मला, सख्ख्या जावयाला, पोटभर वाढत नव्हती. हिला काय घालणार! थंडी सरली की शेगडीची चिमूटभर राख, बस्स."

बेया फसकन हसली. हसताना ओढणी सुटली आणि त्या वासानं तिला ओकारी आली.

त्यांनी माझी कुजकी मुळं छाटली, मला रेताड मातीत लावलं आणि उन्हात ठेवलं. मग चक्क उपाशी ठेवलं. पानं गळाली, पण काय सुख होतं म्हणून सांगू! खाली बेया आता बोलायची, पण दिलेला शब्द म्हणजे शब्द, म्हणून नवऱ्याशी नाही, घाणीशी. "ए घाण, मीठ आण," "ए घाण, जेवायला बस." मोख्तार खुशीत ओ द्यायचा.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला ऊन द्या, माती वाळू द्या, फुलायच्या दिवसांत थोडंसं पातळ खत द्या. मनात साचलेलं मात्र तिच्या मुळांशी ओतू नका. ते ज्याचं त्याला तोंडानं सांगा.

एका सकाळी माझी पहिली कळी उमलली. बेया कपडे वाळत घालायला वर आली आणि थबकली. बराच वेळ ओला सदरा तसाच हातात धरून उभी राहिली. मग जिन्याशी जाऊन तिनं हाक मारली, "मोख्तार! अरे मोख्तार, लवकर वर ये!"

तो मासळी साफ करता करता उठून आला, कोपरापर्यंत खवल्यांनी माखलेला. फूल बघून त्याचे डोळे भरले. त्यानं हळूच हात पुढे केला.

"आधी हात धुऊन ये!" बेया ओरडली.