तिसरा ठोका

मी एक जुनी पितळी घंटा आहे. जुनी असले तरी आवाज अजून खणखणीत आहे, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, घंटा ती घंटा, तिचे काय एवढे कौतुक? पण एका न वाजलेल्या ठोक्यासाठी सगळ्या गावात ओळखली जाणारी दुसरी घंटा तुम्ही पाहिली असेल, तर मला जरूर दाखवा.

माझा जन्म ओतशाळेत, वितळलेल्या पितळेतून झाला. तेथून मी साबणाच्या कारखान्यात आले आणि जेवणाची सुट्टी सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी वाजले की माणसे हात धुवायला पळत. पुढे मालकांनी विजेवर चालणारा भोंगा बसवला. त्याचा आवाज रेकणाऱ्या गाढवाला लाजवील असा, पण तो नवा होता ना! माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली, तुटक्या ढकलगाड्यांच्या शेजारी. अंगावर धूळ बसली. मला फार वाईट वाटले.

तेथून मला बाहेर काढले ते बॉयलरवर काम करणाऱ्या एका आजोबांनी. कारखान्यातल्या कामगारांचा फुटबॉलचा संघ होता आणि आजोबा त्याचे जुने चाहते. त्यांनी मला चिंचेने घासले, मूठ बसवली आणि थेट मैदानावर नेले. तिथे त्यांनी एक रीत पाडली. आपला गोल झाला की तीन ठोके. समोरच्यांचा झाला की एक. आपल्या लोकांना हे मुळीच पटेना.

"त्यांच्या गोलाला कशाला वाजवायची घंटा? ते काय आपले जावई लागतात?" कोणीतरी विचारले.

"गोल केलाय ना त्यांनी? मग!" आजोबा म्हणाले. विषय संपला.

आजोबा थकल्यावर मी त्यांच्या मुलीच्या हाती आले. ती शिंपीकाम करते. संघाचे पांढरे सदरे तीच शिवते आणि सगळा गाव तिला मावशी म्हणतो. कोपऱ्याच्या निशाणाजवळ, गोलच्या अगदी लगत तिची जागा. मला मांडीवर घेऊन ती बसते, तेव्हा मला कोणाचाही हेवा वाटत नाही.

पण मित्रांनो, खेळ बदलत चालला होता. धक्का लागो न लागो, खेळाडू धाडकन पडायचे, पाय मोडल्यासारखे लोळायचे आणि बोटांच्या फटीतून पंच पाहतात की नाही ते पाहायचे. एका गोलाने पुढे असले की बुटाची नाडी बांधायलाच त्यांचा निम्मा वेळ जायचा. पंचाने शिट्टी वाजवली की सगळे त्याला घेराव घालायचे. आमचे चाहते अगदी वैतागून गेले होते. त्यांचा म्होरक्या म्हणजे वेल्डरदादा. तो ओरडून ओरडून लाल व्हायचा.

"अरे लबाडांनो! पैसे मोजून खेळ बघायला आलोय आम्ही, नाटक नाही!"

मावशीही कमी नव्हती. "एवढं लोळायचं होतं, तर घरून चटई तरी आणायची," ती म्हणायची आणि आजूबाजूचे सगळे खो खो हसायचे. पण मैदान सोडताना त्यांच्या तोंडावर हसू नसे. कष्टाच्या आठवड्यानंतर मिळालेली एक संध्याकाळ कोणीतरी फसवून नेली, असे त्यांना वाटे. मलाही तसेच वाटे.

आणि मग अंतिम सामना आला. आमच्या संघाने करंडक कधीच जिंकला नव्हता. आमचा आघाडीवीर होता मावशीचा धाकटा मुलगा. पायांत भिंगरी असल्यासारखा पळायचा, म्हणून सगळे त्याला भिंगरीच म्हणत. सामना बरोबरीत होता आणि वेळ संपत आली होती. कोपऱ्यावरून चेंडू उंच आला, गोलसमोर गर्दी उसळली, भिंगरी झेपावला आणि चेंडू जाळ्यात!

सारे मैदान उठून उभे राहिले. मावशीने मला उचलले. एक ठोका. दुसरा ठोका. आणि तिने माझा लोलक मुठीत घट्ट धरला.

मला कळेना काय झाले. मग मी तिच्या नजरेच्या दिशेने पाहिले. भिंगरीच्या पांढऱ्या बाहीवर कोपराखाली चिखलाने माखलेल्या चेंडूचा गोल शिक्का उमटला होता. ती बाही तिने स्वतः शिवली होती. चेंडूला हात लागलेला पंचाला दिसला नव्हता, पण तिला तो शिक्का दिसला.

"मावशी, तिसरा!" वेल्डरदादा ओरडला. "अगं, तिसरा वाजव ना!"

मावशी हलली नाही. हळूहळू आरडाओरडा विरला. लहानपणापासून तीन ठोके ऐकत वाढलेला भिंगरी नाचता नाचता थांबला. त्याने आईकडे पाहिले. आई रागावलेली नव्हती. ती नुसती वाट पाहत होती.

तो वळला, पंचाकडे गेला आणि त्याने आपली बाही पुढे केली.

गोल रद्द झाला. जादा वेळेत समोरच्यांनी एक सुरेख गोल केला आणि आम्ही हरलो. मावशीने डोळे पुसले आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्यासाठी माझा एक ठोका दिला. त्यांचे लोक नाचण्यात दंग होते. फक्त त्यांच्या गोलरक्षकाने आमच्या कोपऱ्याकडे पाहून हात वर केला.

आमच्या लोकांचा मात्र संताप झाला. वेल्डरदादाने मला मावशीच्या हातातून काढून घेतले.

"इतकी वर्षं सगळे आपल्याला फसवतात, तेव्हा कोणी पुढे येतं का? एकदा आपलं नशीब उघडलं, तर तू ते बंद केलंस!"

"इतकी वर्षं आपण कशासाठी ओरडत होतो रे?" मावशी एवढेच म्हणाली आणि घरी गेली.

मी क्लबच्या कपाटात बंद झाले. पुन्हा अंधार, पुन्हा धूळ. पण या वेळी मला वाईट वाटले नाही. अडगळीत पडणे वेगळे आणि मान ताठ ठेवून कोंडले जाणे वेगळे.

नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात बाहेर मोठा गलका झाला. गोल! पण तो गलका उठला तसाच विझला. कशाची तरी वाट पाहत सगळे गप्प झाले. मग धावत येणारी पावले ऐकू आली, कपाट उघडले आणि घामाघूम वेल्डरदादाने मला बाहेर काढले. भिंगरीने गोल केला होता आणि मैदानात उभा राहून तो कोपऱ्याकडे पाहत होता. आता सगळेच तिकडे पाहत होते.

वेल्डरदादाने मला मावशीसमोर धरले. तो मान खाली घालून म्हणाला, "वाजव गं मावशी. तुझ्याशिवाय गोल झाल्यासारखा वाटत नाही."

मावशीने मला लगेच हातात घेतले नाही. "तू जवळून पाहिलास ना? स्वच्छ होता?"

"अगदी स्वच्छ. तुझी शपथ."

एक ठोका. दुसरा ठोका. मग ती क्षणभर थांबली आणि सगळ्या मैदानाने श्वास रोखला.

मित्रांनो, ती आजही तिथे क्षणभर थांबते. मला वरचेवर चकाकवले नाही तरी चालेल. मुठीचा चामडी पट्टा झिजला तर तो बदला, पावसात मला उघड्यावर टाकू नका, एवढे पुरे. पण तो क्षण मात्र सांभाळा. त्या क्षणात प्रत्येक खेळाडू आपली बाही पाहतो.

त्या दिवशी त्या क्षणानंतर तिसरा ठोका पडला. इतक्या जोरात मी त्याआधी कधीच वाजले नव्हते.