चार सेकंदांचा रिकामा रकाना

बाळ झोपलं की मला साधारण चाळीस मिनिटं मिळतात. गेले तीन दिवस ती मी आईची जुनी कार्डं जमिनीवर मांडण्यात घालवते आहे, आणि जितकी मांडते तितकी गोंधळते आहे.

माझी आई संगीतकार. पण वाद्य नाही की गळा नाही. कपाटाएवढ्या संगणकाकडून सूर काढून घेणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी ती एक. एकेका सुरासाठी जाड कागदाचं एकेक कार्ड, त्यात भोकं पाडायची: सूर कुठला, किती वेळ, किती मोठ्याने. गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीत द्यायचा आणि तीन आठवड्यांनी टेप आणायला जायचं. तोवर आपण काय रचलंय ते आपल्यालाच ऐकू यायचं नाही. बाकीच्या टेपा ओलीने गेल्या. अकरा मिनिटांची एकच उरली, आणि आता तिची डिस्क निघणार आहे.

घोळ सातव्या मिनिटाला आहे. तिथे चार सेकंद काहीच वाजत नाही.

जुन्या टेपा साफ करणाऱ्या गृहस्थांना आम्ही घरात टेपवाले म्हणतो. सोमवारी त्यांचा फोन आला. "ताई, टेप तिथे शाबूत आहे, मुळातच सूर नाही. चूक असेल तर भरून देतो, मुद्दाम असेल तर हात लावत नाही. गुरुवारी दुपारपर्यंत सांगा, मग छापायला जाईल."

आई बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं.

"चूक आहे," ती म्हणाली.

मंगळवारी म्हणाली, "मुद्दामच असणार. इतकी वेंधळी नव्हते मी."

बुधवारी म्हणाली, "तूच ठरव बाई. तूही होतीस की तेव्हा घरात."

"मी सात महिन्यांची होते, आई."

"मग काय झालं? घरात सगळ्यात मोठा आवाज तुझाच होता."

आज गुरुवार. सकाळी ते कार्ड सापडलं. उजेडाकडे धरलं, तर 'किती मोठ्याने'च्या रकान्यात भोकच नाही. आणि रकाना रिकामा असला की ते यंत्र शून्य वाचायचं. म्हणजे सूर आहे, चार सेकंद वाजतोही आहे, फक्त शून्य आवाजात. मग ज्या वहीवरून ती कार्डं पाडायची ती वही काढली. त्या ओळीतही तो आकडा नाही. वरची ओळ निळ्या शाईत, खालची पेन्सिलीने. मधे ती उठली होती.

मी ती वही मांडीवर घेतली. माझ्या स्वतःच्या लिहिण्याच्या वहीत अशा अर्ध्या ओळी पानोपानी आहेत. बाळ कुठे रडलं ते शाईवरून सांगता येईल.

"आई, हे माझ्यामुळे बिघडलं का गं?"

तिने चष्मा लावून पाहिलं. "असेल. नाहीतर दूध उतू गेलं असेल. तुझे बाबा किल्ली विसरून दार वाजवायचे, तेही असतील."

"नीट आठव ना."

"काय आठवू? टेप आली, तुला मांडीवर घेऊन ऐकायला बसले. ती जागा आली. म्हटलं, गेलं सगळं. मग सूर परत आले. दुसऱ्यांदा ऐकताना मी त्याच जागेची वाट बघत होते."

"मग दुरुस्त का नाही केलंस? एकच तर कार्ड."

"केंद्रात पुढचा नंबर दीड महिन्याने लागणार होता."

"म्हणजे नंबर नव्हता म्हणून राहिलं, की आवडलं म्हणून ठेवलंस?"

"तेच तर मला तीस वर्षं कळलेलं नाही."

शेवटी मी टेपवाल्यांना फोन लावला. म्हटलं, एकदा भरूनच ऐकवा. त्यांनी आधीच्या सुराइतका आवाज देऊन ती जागा भरली होती. फोन आमच्या दोघींच्या मधे ठेवला. सूर कुठेही न अडखळता पुढे गेला. नाव ठेवायला जागा नव्हती.

आईचा दुपट्याची घडी घालणारा हात थांबला होता. "छान आहे," ती म्हणाली. अर्धी राहिलेली घडी पुरी करत म्हणाली, "पण या बाईच्या घरात मूल नसणार."

"ऐकलंत ना?" मी टेपवाल्यांना म्हटलं. "हात लावू नका."

"लोक डिस्क बिघडलीये म्हणून परत आणतील, ताई."

"आणू देत."

"बरं. माझ्या फॉर्मात एक रकाना आहे. मूळचा दोष, की रचनेचा भाग? काय लिहू?"

मी आईकडे पाहिलं. ती कार्डांकडे बघत होती, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहेत. चूक म्हणावं तर तिने ती तीस वर्षं सांभाळली. मुद्दाम म्हणावं तर वहीतली अर्धी ओळ माझ्या मांडीवर उघडी होती.

"तो रकाना रिकामा सोडा," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "शून्य वाचतील हं."

ही थट्टा होती की काळजी, मला कळलं नाही. विचारणारच होते, तेवढ्यात आत बाळ उठलं, आणि आम्ही दोघीही उठलो.