कुंडातली ऊब

सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या केंद्रावर जमिनीतून कढत पाणी येते; पण नुसत्या त्याच्या वाफेने चक्र फिरत नाही. म्हणून ते पाणी आपली उष्णता लवकर उकळणाऱ्या दुसऱ्या एका द्रवाला देते, त्या द्रवाची वाफ चक्र फिरवते आणि वीज होते. काम संपलेले पाणी आम्ही दगडी कुंडात सोडत असू. ते तरीही चांगले ऊन असे.

हिवाळ्यात पहाटे वस्तीवरच्या बाया तिथे पाय शेकायला येत. माझे गाव देवपूर सोडून मी इथे एकटाच राहत होतो. दिवसभरात माणसांचे आवाज कानी पडत ते तेवढेच.

"भाऊ, बायको करी ले," कमलबाई पायरीवरून ओरडे, "नहीत या मशिनसंगेच तुनं लगीन लाई देसूत!"

बाया हसत. मीही खिडकीआड हसे. मग यंत्राकडे वळे.

मार्गशीर्षात जळगावच्या मुख्य कार्यालयातून हितेंद्र साहेबांचा फोन आला. "कुंडात सोडता त्या पाण्यात अजून वीज आहे. दुसरे यंत्र जोडू. काही अडचण?"

अडचण रोज पहाटे पायरीवर येऊन बसत होती. मी म्हणालो, "नाही, सर."

दुसरे यंत्र जोडले. वीज वाढली, पण कुंडातली ऊब गेली. कमलबाईने कुंडात पाय घातला आणि लगेच बाहेर काढला.

"भाऊ, पानी मरी गयं."

ती खिडकीकडे बघत थांबली. मी बाहेर गेलो नाही. त्यानंतर कोणी आले नाही.

ती शांतता सोसवेना, तेव्हा मीच साहेबांना फोन केला. "पहाटेपुरते दुसरे यंत्र बंद ठेवू का?"

"कोणासाठी?"

"बाया येतात. म्हणजे, येत होत्या."

"बरं. पण उजाडेपर्यंतच."

पाणी पुन्हा ऊन झाले. पण हे त्यांना कोण सांगणार? मी प्रथमच वस्तीवर गेलो. कमलबाई दारात शेंगा सोलत होती.

"पानी... ऊन शे आते," मी कसेबसे म्हणालो.

"इतलं सांगाले इतला दिन लागनात तुले?" तिने मान वर केली नाही. "आते आम्ही चूलपुढेच पाय शेकतस. देखसूत."

दुसऱ्या पहाटे कुंडावर वाफ दाटली. पायऱ्या रिकाम्याच होत्या. उजाडू लागले तेव्हा मी खालच्या पायरीवर बसलो आणि पाण्यात पाय सोडले. आजवर केवळ तापमापकाच्या काट्यावर वाचलेली ती ऊब गुडघ्यांपर्यंत चढली.

मग उठून मी दुसरे यंत्र सुरू केले. पायरीवर माझीच ओली पावले होती.