बादलीतला दगड

संत तुकाराम नगरातल्या सनीच्या दुकानात प्रीतम तासभर दोन टाक्यांपुढे घुटमळत होता. एकीत नारिंगी क्लाउनफिश, दुसरीत चंदेरी अंगावर काळे पट्टे असलेले बांगाई.

"राव, घरी पहिल्यांदाच पिल्लं काढायचीत ना? मग बांगाईच घे," सनी म्हणाला. "क्लाउनची पिल्लं धड डोळ्याला दिसत नाहीत. त्यांना भरवता भरवता रडकुंडीला येशील. ह्याचा नर अंडी तोंडात धरून बसतो, तीन आठवडे उपाशी. पण पिल्लं बाहेर पडतात ती पोहतच."

प्रीतमने जोडी घेतली. सनीने वर एक समुद्री दगड फुकट दिला. त्यावर हिरवट-तपकिरी बटणांसारखे जीव दाटीवाटीने चिकटलेले होते.

"ह्याला घासायचं नाही आणि उकळायचं तर अजिबात नाही. विषारी असतो. वाफ छातीत गेली की माणूस थेट दवाखान्यात. घरी सगळ्यांना सांगून ठेव."

प्रीतमने घरी सांगितले नाही. पुनावळ्यातल्या त्याच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आली तीच मुळी आईच्या नाकदुऱ्या काढून. आईच्या, अंबुबाईंच्या, गळ्यात तुळशीची माळ होती. विष हा शब्द कानावर पडला असता तर संध्याकाळपर्यंत टाकी रस्त्यावर गेली असती.

महिनाभराने नराचा जबडा फुगला आणि त्याने खाणे सोडले.

"बाप्या गरवार? आन् तेबी तोंडात?" अंबुबाई पोट धरून हसल्या. पण त्या दिवसापासून टाकीपुढे स्टूल टाकून बसू लागल्या. दार आपटले की सुनेला, तनुजाला, दटावायच्या, "हळू गं, दचकंल त्यो."

पिल्लांसाठी प्रीतमने वेगळी टाकी आणली. त्या दगडाची आता त्यालाच धास्ती वाटू लागली होती. त्याने तो बाथरूममध्ये खाऱ्या पाण्याच्या बादलीत काढून ठेवला. रविवारी सनीला परत द्यायचा, असे ठरवले.

शुक्रवारी चाकणच्या कंपनीत तो नेहमीप्रमाणे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून लाइनवर गेला. दहाच्या चहाला फोन काढला तर तनुजाचा मेसेज होता. परसातल्या चुलीवर पातेले, शेजारी पदर खोचलेली आई. खाली लिहिले होते, 'आईंनी त्या बाप्यासाठी बाळंतिणीची खोली तयार करायला घेतलीय. तुझा बादलीतला दगडसुद्धा उकळतायत.'

मेसेज आठ पन्नासचा होता.

त्याने तनुजाला फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. आईचाही तसाच. पुन्हा तनुजाचा.

"काय रे, चहा गार होतोय," सुपरवायझर दादासाहेब म्हणाले.

"साहेब, मला घरी जायचंय. आई..." दादासाहेबांनी न विचारता गेटपासवर सही केली.

चाकण चौकात कंटेनर आडवे लागले होते. प्रीतमने गाडी कडेला घेऊन फोटो पुन्हा उघडला. चूल परसात आहे, उघड्यावर आहे, एवढाच आधार. त्याने फोटो बोटांनी मोठा केला. वाफ वर जात नव्हती. वाकडी होऊन आईच्या तोंडावर येत होती.

मोशी, निगडी, रावेतचा पूल. मधला रस्ता त्याला नंतर आठवला नाही.

घराचे दार सताड उघडे होते. परसात चूल विझली होती. पातेल्यात दगड पांढराफटक पडला होता, एकही बटण राहिले नव्हते.

"त्याच्या जवळ जाऊ नका," तो ओरडला. कुंपणापलीकडचे शेजारी अण्णासाहेब जागीच थांबले.

"तोंड कडू लागतंय म्हनली तुजी आई. मग खोकला थांबंना," ते म्हणाले. "सुनेनं गाडीत घालून रावेतच्या दवाखान्यात नेली. पार थरथरत व्हती रं."

दवाखान्यात अंबुबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा होता शहाऐंशी. डॉक्टरांच्या हातात कागद होता.

"सूनबाई म्हणतात, दगड उकळला. नुसत्या दगडाने असं होत नाही. काय होतं त्यावर?"

प्रीतमने सनीने सांगितलेले सगळे सांगितले. डॉक्टरांनी लिहून घेतले आणि मान वर केली.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

तनुजाने त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला. तिलाही खोकला येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा चौऱ्याण्णववर गेला. दोन घोट पाण्यापुरता मास्क खाली घेतला तेव्हा प्रीतमने आईला सगळे सांगितले.

"मंग घरात का न्हाई बोललास?"

"तू टाकी फेकली असतीस."

"व्हय. फेकलीच असती." त्या दम घ्यायला थांबल्या. "पर त्या दगडाला हात लावला नसता."

"गॅस सोडून चुलीवर का ठेवलास, आई?"

"माशाचा दगड माझ्या सैपाकघरात? न्हाई बा."

स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या बांधकामाच्या धुळीमुळे कायम बंद असे. बंद खोलीत ही वाफ कोंडली असती तर काय झाले असते, ते डॉक्टर कालच बोलले होते. प्रीतमने ते आईला सांगितले नाही. मग त्याच्या लक्षात आले की आपण पुन्हा तेच करतोय, आणि त्याने तेही सांगितले.

अंबुबाईंनी पाण्याचा पेला त्याच्या हातात परत दिला.

"त्या बाप्यानं काय खाल्लं का?"

"बघून येतो," म्हणत तो उठला. तेवढ्यात पडद्यावरचा आकडा ब्याण्णव झाला. प्रीतम पुन्हा खाली बसला आणि स्वतःच्या हाताने मास्क आईच्या तोंडावर चढवला.