धाब्यावरची खारी

भाडं तुम्ही थकवलंत साहेब, आणि दमदाटी करायला बाई पाठवलीत प्रमिलाबाईच्या दारात.

सोनगीरला तिचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर. मागच्या खोलीत ती एकटी राहते, पुढच्या खोलीत तुमची अंगणवाडी भरते. दिवाळीपासून तुमच्या खात्यानं भाडं दिलेलं नाही, आता मे लागलाय. तरी जीपमधून उतरलेल्या मॅडमनी आधी छताकडे बोट केलं.

"माती पार उडालीय. पावसाळ्यात गळेल. दुरुस्ती घरमालकानं करायची असते, माहीत आहे ना?"

"माहीत शे. आनि भाडं?"

"फाइल वर गेलीय."

"वर म्हंजे कोठे? मना धाबावर ते दिसनी नही."

सेविका जीनत ओढणीत तोंड लपवून हसली. मॅडम नाही हसल्या. "छत झालं नाही, तर केंद्र हलवू. मागचं भाडंही मग माझ्याकडे मागायचं नाही."

जीप गेली तसा दीर लोटन कुलूप घेऊनच आला.

"वहिनी, ठोक कुलूप! बठ्ठा गाव हासस तुले. मना सालाले गोडाउन पाहिजे, आगाऊ पैसा देस तो."

"आनि पोरं कोठे बसतीन?"

"तुना पोरं शेतस का त्या?"

"मना भाडेकरू शेतस. छत देनं मना काम, भाडं देनं सरकारनं. त्यास्नी लाज सोडी म्हनीसन मी बी सोडू का?"

लोटन पाय आपटत गेला.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई टोपली घेऊन निघाली. पाणी मुरू न देणारी पांढरी खारी माती किल्ल्याच्या पायथ्याशी मिळते. ट्रॉली सांगायला पैसे नव्हते. साठीची बाई डोक्यावरून माती आणत होती, शिडी चढत होती. जीनत आणि चार पोरांच्या आया पदर खोचून आल्या.

"अक्का, द्या टोपली. आम्ही टाकतो."

"हात लावू नको! मना सासरा सांगे, खारी घरधनीनीच टाकनी. भाडेकरूनी टाकी ते मी मालकीन कसानी?"

आया खाली उभ्या राहिल्या. दुपारी शिडी करकरली. लोटन चढत होता.

"मी बी घरनाच शे ना?" तो गुरगुरला. "दे ती टोपली. गुडघा मोडशी आनि माले दवाखानामा बसाडशी."

"तुना सालानं गोडाउन?"

"मरू दे त्याले."

दिवस मावळेपर्यंत दोघांनी खारी पसरली, पायांनी तुडवून घट्ट केली. खाली उतरताना प्रमिलाबाईचे पाय पोटरीपर्यंत पांढरे झाले होते. गावानं पाहिलं. हसलं कोणी नाही.

साहेब, मालकिणीनं आपलं काम केलं. भाडेकरू तुम्ही आहात. आता मॅडमना पाठवू नका. स्वतः या, तिच्या दारात उभे राहा आणि तिच्या तोंडावर सांगा: भाडं कधी देता?