वाघाचे कान

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट हाय. तवा बोरच्या जंगलातले वाघ सेलूच्या बाजारात वांगे घ्याले येत. खोटं वाटत असन तर वाटू द्या, पुढचं सगळं खरं हाय.

माही नात धुरपता. पोट्टी अंगानं धडधाकट, पण डोकं धीरे चाले. मास्तरनं पहिलीतूनच घरी धाडली. सेवाग्रामच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणे, "याले औषध नाई. शिकन थे, पण हळू शिकन. चार पोरींत बसू द्या तिले." मी तर बसवतो, पण पोरींनी बसू देलं पायजे ना.

भुलाबाईचे दिवस आले. रोज संध्याकाळी पोरी एकेकीच्या घरी गाणे म्हणत. गाणे झाले का घरवाली झाकलेला डब्बा वाजवे, आन आत कोन्ता खाऊ हाय थे पोरींनी ओळखाचं. सगळी मजा त्या ओळखण्यातच. आन आमच्या धुरपतीच्या पोटात काई राहेच नाई. मागच्या साली शेजारच्या शकुबाईच्या घरी, गाणं सुरू व्हाच्या आधीच बोलली, "शेव हाय, म्या पायली." तवापासून तिले कोणी बलावलं नाई. पोट्टी बाजेखाली जाऊन बसली. जेवे ना, बोले ना.

अवंदा आमच्या घरची पाळी आली, तशी शकुबाई सकाळीच दारात उभी.

"मावशी, पोरी येतीन. पण धुरपतीले आत कोंडून ठेवजा. नाईतर माही पंचफुला येत नाई, आन तिच्याबिगर बाकीच्या येत नाई."

"कोंडाले थे काय कोंबडी हाय व?" म्या म्हटलं.

शकुबाई गेली, पण माही सून रुख्मिणी भेली. "आत्याबाई, ठेवतो मी तिले चुलीपाशी माह्याजवळ. पोरी हसतीन. आता बाजेखाली गेली तर बाहीर निघणार नाई थे."

"तू उगी राह्य," म्या म्हटलं.

दुपारी मी कानोले तळाले बसली. कानोले म्हंजे तुमच्या पुण्याकडच्या करंज्या. धुरपता आली, कढईत पाहून राह्यली.

"आजी, हे काय व?"

"वाघाचे कान."

"मंग वाघ कुठी हाय?"

"नदीवर गेला आंग धुवाले. कानात पानी जाते म्हणून कान मले देऊन गेला."

तिनं मान डोलावली. जन्मभर मी गप्पा हाणल्या, पण त्या दिवशी इचार करता करता माहा एक कानोला करपला. या पोरीले सांगितलं थे सगळं खरं वाटते. पोरी फिदीफिदी हसल्या, तर माह्याच गप्पेपायी थे बाजेखाली जाईन.

संध्याकाळी पोरी आल्या. पंचफुला पुढं, शकुबाई मागं. गाणे झाले. म्या डब्बा धुरपतीच्याच हाती देला. शकुबाईनं तोंड वाकडं केलं. रुख्मिणी चौकटीले धरून उभी.

धुरपतीनं डब्बा वाजवला.

"लाडू?"

"नाई," म्या म्हटलं.

"शंकरपाळे?"

"नाई."

"चिवडा? अनारसे?"

धुरपतीचे ओठ फुगून राह्यलते. मले समजलं, आता निघते.

"वाघाचे कान हाय," थे बोलली.

एक पोरगी खुदकन हसली, तिच्यामागं दुसरी. धुरपतीनं डब्बा पोटाशी धरला आन बाजेकडं पायलं. रुख्मिणी एक पाय पुढं आली.

पंचफुला मात्र हसली नाई. कपाळाले आठ्या घालून पुटपुटली, "वाघाचे कान... कान..." आन एकदम माह्याकडं पाहून म्हणे, "आजी, कानोले?"

धुरपतीनं झाकण काढलं. पोरींनी असा गलका केला का बैल दाव्याले हिसके देऊ लागले.

"हे तिले कोणं शिकवलं?" शकुबाईनं इचारलं.

"वाघानं," धुरपता म्हणे.

दुसऱ्या दिवशी शकुबाईच्या घरची पाळी. दुपारी रुख्मिणीले धुरपता कुठी दिसेना. थे खाली वाकली, बाजेखाली पायलं. तिथं मांजर होती. रुख्मिणीचा जीव उडाला. तितक्यात पिठाच्या हातानंच शकुबाई आली.

"मावशी, पंचफुलानं धुरपतीले आणलं आमच्या घरी. चुलीपाशीच बसली हाय, हे काय, थे काय, इचारून राह्यली. लवकर सांगजा व, चकलीले काय म्हणू?"